हुच्चपणाला दंडवत

हुबळीतल्या आमच्या दुर्गदबैलात मराठी घरातसुद्धा वेड्याला वेडा म्हणत नाहीत, हुच्च म्हणतात. शब्द कानडी, पण तोंडात असा बसलाय की माझी आई, जिला बाजारापुरतंच कानडी यायचं, तीही रागावली की "हुच्चागत करू नको रे" म्हणायची. गेल्या फाल्गुनात हा शब्द माझ्या भाच्याला चिकटला. तो एकोणीस वर्षांचा आहे, बॉक्सिंग करतो, आणि टीव्हीवरच्या एका बॉक्सिंगच्या रिअॅलिटी शोच्या निवडचाचणीला पुण्याला जाऊन, न निवडला जाऊन परत आला.

मी त्याच्याबरोबर गेलो होतो. सकाळच्या गाडीनं आम्ही उतरलो आणि घरी न जाता थेट दुकानात आलो. आमचं भांड्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. मी शटर वर केलं. त्यानं पाठीवरची पिशवी खाली ठेवली, तांब्याची एक घागर उचलून माझ्या हातात दिली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या घागरी बाहेर मांडून झाल्यावर म्हणाला, "मामा, आईला तुम्हीच सांगा."

संध्याकाळी मिरची भज्यांच्या गाड्यापाशी चार ओळखीची माणसं भेटली. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं, एक रात्र लॉजचं, तीन दिवस दुकान अर्धं बंद, पोराचं कॉलेज बुडालं ते वेगळं, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "हुच्च पोरगं." एक जण म्हणाला, "आणि मामाही." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असंही कुणीतरी म्हणालं.

हिशेब चूक नव्हता. मी स्वतः तीस वर्षं गल्ल्यावर बसलोय, मला हिशेब कळतो. पण त्या रात्री मी ठरवलं की या हुच्चपणाची थोरवी कुणीतरी लिहायला हवी, आणि गावात दुसरं कुणी लिहीत नसेल तर ती मीच लिहावी.

आधी गावाचं सांगतो. दुर्गदबैल हे नाव बाहेरच्या मराठी माणसाला गमतीचं वाटतं. दुर्ग म्हणजे किल्ला आणि बैल म्हणजे मोकळं मैदान. आपल्या बैलाशी त्याचं काही नातं नाही. सवणूरच्या नवाबाच्या काळात बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्यानं या किल्ल्याच्या मैदानाभोवती नवी हुबळी वसवली. पुढे गाव मराठ्यांकडे आलं, हैदरअलीकडे गेलं, परत मराठ्यांकडे आलं. जुन्या हुबळीचा कारभार पेशव्यांच्या वतीनं फडके बघायचे आणि नव्या हुबळीचा सांगलीकर. आमच्यासारखी मराठी घरं इथे आहेत ती त्या येण्याजाण्यातून राहिलेली. म्हणजे हे गाव पहिल्यापासून व्यापाऱ्याचं. माप चोख, उधारी वहीत, आणि अंथरूण पाहून पाय पसरायचे. मला याची लाज नाही, उलट अभिमान आहे. शेजारच्या दाजीबान पेठेत तुळजाभवानीच्या देवळात आम्ही नवस बोलतो तोही ऐपत बघून बोलतो.

पण याच गावाला दुसरीही एक आठवण आहे. १६७३ साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं हुबळी लुटली, इंग्रजांची वखारसुद्धा सुटली नाही. आणि पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १६७४ ला, इथून फार लांब नसलेल्या नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. सात माणसं एका सैन्यावर. हिशेबाच्या वहीत त्या सातांना कुठल्या रकान्यात घालायचं? साडेतीनशे वर्षं आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. मला भाच्याची आणि सरनौबतांची तुलना करायची नाही, तेवढी अक्कल मला आहे. एवढंच म्हणायचंय की वेडेपणाला मान देण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. तो वेडेपणा आपल्या गल्लीत, आपल्या ओळखीच्या बाईच्या पोटी जन्माला आला की मात्र आपण भज्याच्या गाड्यापाशी मान हलवतो.

आता भाच्याचं सांगतो.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या भागात राहायला आले. फौजेत असताना ते बॉक्सिंग खेळायचे. बाजारामागच्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी सात पोरांना शिकवायला घेतलं. फी नाही. पहिला दीड महिना त्यांनी एकालाही ठोसा मारू दिला नाही. जमिनीवर खडूनं पावलांच्या खुणा काढल्या आणि पोरं त्यावरून पुढेमागे सरकत राहिली. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित वर, हनुवटी खाली, कोपरं बरगडीला. मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा हे बघितलं. मला वाटलं होतं तिथे मारामारी असेल. तिथे सात पोरं गुपचूप, एखादं अवघड नृत्य बसवावं तशी, खडूच्या खुणांवरून हलत होती आणि हवालदारसाहेब मध्येच कुणाच्या तरी टाचेखाली दोन बोटं सरकवून बघत होते.

हाताला गुंडाळायच्या पट्ट्या विकत मिळतात. भाच्यानं त्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे त्याच्या आजोबांच्या, जुन्या धोतराच्या केल्या. चार बोटं रुंद आणि साडेचार मीटर लांब. अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, मग तळहातावरून, मग एकेका बोटाच्या मधून, परत मनगटावर. दोन्ही हात बांधायला त्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि त्या वेळात तो कुणाशी बोलत नाही. रोज रात्री त्या पट्ट्या धुऊन तो दुकानाच्या मागच्या जाळीवर वाळत घालतो. वडील ते धोतर नेसून पंढरपूरला जायचे. त्याच्या पट्ट्या झाल्या हे मला कधी वावगं वाटलं नाही.

आणि ती बॅग. बॉक्सिंगची बॅग वाळूची असते असं बहुतेकांना वाटतं. वाळू खाली बसते, तळाशी दगडासारखी घट्ट होते आणि मनगट मोडायची वेळ येते. चांगली बॅग चिंध्यांनी भरतात. आमच्या इथे जवळी साळीत कापडाची दुकानं आणि शिंपी रग्गड आहेत. पोरांनी संध्याकाळी सायकलवर पोती घेऊन शिंप्यांकडून कापडाची कातरणं गोळा केली, ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, चिंध्या थराथरानं ठासून भरल्या आणि साखळीनं गोदामाच्या तुळईला टांगली. लग्नाच्या ब्लाउजांचे, शाळेच्या गणवेशांचे, पडद्यांचे तुकडे त्या बॅगेत आहेत. अर्ध्या हुबळीला त्या पोरांनी ठोसे मारलेत असं हवालदारसाहेब कौतुकानं सांगतात.

अशी दोन वर्षं गेल्यावर त्या शोची जाहिरात आली. वजनगट दिलेले होते. भाच्याला सत्तावन्न किलोत बसायचं होतं आणि तो अठ्ठावन्नच्या वर होता. आठ दिवस त्यानं मीठ बंद केलं, भात बंद केला, दुपारच्या उन्हात स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारल्या. त्याची आई, माझी अक्का, ताटात भाकरी वाढून समोर बसायची आणि तो अर्धी बाजूला काढायचा. ती एक शब्द बोलली नाही. उरलेली अर्धी तीच खायची.

रात्रीच्या गाडीनं निघालो. हुबळीचा फलाट जगातला सगळ्यांत लांब, १५०७ मीटर. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचं उद्घाटन झालं. आमचा डबा त्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही या सावकाश," आणि पिशवी पाठीला लावून धावत सुटला. तेवढाच घाम गेला तर गेला. दिव्यांखालून त्याची आकृती लहान लहान होत गेलेली मला अजून दिसते.

पुण्यातल्या त्या हॉलबाहेर पहाटे साडेपाचला शंभरावर पोरं उभी होती. साताऱ्याची, नगरची, नांदेडची, एक थेट गोव्याहून आलेला. सगळ्यांचे गाल बसलेले, ओठ सुकलेले. दोन-दोन दिवस पाणी तोडलेली पोरं ओळखू येतात. कुणी कुणाशी वाकडं बोलत नव्हतं. वजनकाट्यावरून उतरल्या उतरल्या नगरच्या पोरानं केळी काढली आणि आजूबाजूच्या सगळ्यांना वाटली. ज्यांच्याशी तासाभरानं लढायची वेळ येऊ शकते त्यांना कुणी केळी वाटतं का? दुर्गदबैलात हाही हुच्चपणाच ठरेल. मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं.

भाचा ५६ किलो ८०० ग्रॅम भरला. छातीवर नंबर चिकटवला. दोन मिनिटं सावलीशी लढायचं, मग एक मिनिट प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर ठोसे. मला खेळातलं फार कळत नाही, पण आवाज कळतो. पितळेचं भांडं चांगलं का वाईट हे आम्ही टिचकी मारून ओळखतो. त्याचा ठोसा पॅडवर पडला की आवाज एकच आणि स्वच्छ येत होता. पॅड धरणाऱ्या माणसानं मान डोलावली आणि शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. मला वाटलं, झालं.

नंतर कॅमेऱ्याची खोली. घरच्या माणसाला आत यायला परवानगी होती. समोर तिघं बसलेली. त्यांनी विचारलं, "घरची परिस्थिती कशी आहे?" भाचा म्हणाला, "चांगली आहे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत." "लहानपणी कधी उपाशी झोपलास?" "नाही. आता वजनासाठी झोपलो." "कुणी तुझ्यावर अन्याय केला? कुणाचा बदला घ्यायचाय?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "नाही सर. मला फक्त बॉक्सिंग आवडतं." त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी दारावर यादी लागली, त्यात त्याचा नंबर नव्हता. नगरच्या पोराचाही नव्हता.

गाडीत मी त्याला म्हणालो, "अरे, थोडं काहीतरी सांगायचं होतंस. तुझे आजोबा गेले तेव्हा घरात अडचण होती, ते तरी." तो म्हणाला, "मामा, आजोबांचं धोतर हातात गुंडाळून खोटं कसं बोलू?" मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून मी दोन चहा आणले.

घरी आल्यावर मी अशा कार्यक्रमांची माहिती काढली. या सगळ्याचा मोठा आदर्श म्हणजे अमेरिकेतला 'द कंटेंडर'. सिल्व्हेस्टर स्टॅलोन आणि शुगर रे लेनर्ड त्याचे यजमान. मार्च २००५ मध्ये एनबीसी वाहिनीवर तो सुरू झाला. सोळा मुष्टियोद्धे, दोन गट, दर भागात एक लढत, हरला तो घरी, आणि शेवटच्या विजेत्याला दहा लाख डॉलर. रिंगणाच्या कडेला बायकामुलं बसलेली आणि कॅमेरा जितका ठोशांवर तितकाच त्यांच्या डोळ्यांवर. तिथेही खेळाबरोबर घरची गोष्ट लागायचीच. फिलाडेल्फियाचा नाजाई टर्पिन हा त्या सोळांतला तेवीस वर्षांचा मुलगा. कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीच, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. सर्जिओ मोराबरोबरची त्याची लढत लोकांनी पडद्यावर बघितली तेव्हा तो या जगात नव्हता. हे वाचल्यावर मी दुकानात बराच वेळ नुसता बसून राहिलो. कोवळ्या पोराच्या आत काय चाललंय हे बाहेरून किती कमी दिसतं, हे त्या दिवशी मला कळलं. भाच्याला मी त्या आठवड्यात एकट्याला गोदामात जाऊ दिलं नाही. कुणी ना कुणी बरोबर पाठवत राहिलो.

त्याच कार्यक्रमातली दुसरी गोष्ट मी भाच्याला वाचून दाखवली. पीटर मॅनफ्रेडो हा तिथला मोठ्या अपेक्षेचा खेळाडू. अल्फोन्सो गोमेझनं पहिल्याच लढतीसाठी त्याला बोलावलं आणि हरवलं. मॅनफ्रेडो सगळ्यांच्या आधी बाहेर. पुढे दुसऱ्या एका स्पर्धकाला कांजिण्या आल्या, त्याची जागा रिकामी झाली आणि मॅनफ्रेडोला परत बोलावलं. तो आला, जिंकत गेला, उपांत्य फेरीत त्याच गोमेझला हरवून अंतिम लढतीत पोचला. तिथे मोराकडून हरला, ते वेगळं. पहिला बाहेर पडलेला माणूस शेवटच्या दोघांत होता, तो कांजिण्यांमुळे. निवडीला लोक किती पवित्र मानतात, आणि ती कशाकशावर ठरते! दुसऱ्या वर्षी तिथे जिंकलेला ग्रेडी ब्रूअर ओक्लाहोमातल्या टायरच्या कारखान्यात काम करणारा माणूस होता.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले. १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासला त्यांना एका गुणानं मागे टाकलं गेलं, आणि तो गुण मुद्दाम कापला होता असं सांगतात. शहाणा माणूस घरी आला असता, चार जणांना अन्याय सांगितला असता आणि शेतीला लागला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ज्याला पुढे ठेवलं होतं त्याला चीत केलं. मग हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ सालचे सात हजार. दुर्गदबैलातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, एखाद्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवणाऱ्याला काय म्हणाल? मला उत्तर ठाऊक आहे, एका शब्दाचं आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. मला विचाराल तर त्या पदकात अर्धा वाटा खर्डेकर सरांच्या हुच्चपणाचा आहे, आणि या गोष्टीतलं माझं आवडतं माणूस तेच आहेत.

बॉक्सिंगचं ताजं उदाहरण निखत झरीनचं. निजामाबादची मुलगी, आपल्या नांदेडला लागून असलेल्या जिल्ह्यातली. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेआधी तिच्या गटातली चाचणीच रद्द केली आणि मेरी कोमला पाठवायचं ठरलं. मेरी कोम म्हणजे सहा वेळा जगज्जेती झालेली, ऑलिंपिक पदक मिळवलेली. पुढे ऑलिंपिक पात्रतेच्या वेळीही तसंच होणार असं दिसताच तेवीस वर्षांच्या निखतनं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं: मला चाचणी द्या. तिनं जागा मागितली नव्हती, फक्त रिंगणात उभं राहायला मागितलं होतं. चारी बाजूंनी टीका झाली. २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत चाचणी झाली आणि निखत ९-१ अशी सपशेल हरली. त्या दिवशी तिला हुच्च म्हणणारे किती असतील! १९ मे २०२२ ला इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा झाली. लोक ती दोन सुवर्णपदकं सांगतात. मला ती ९-१ ची हार जास्त मोठी वाटते, कारण समोर कोण आहे हे पुरतं ठाऊक असताना ती त्या दोरांच्या आत शिरली होती.

आमच्या मुलखात हे फक्त खेळातच नाही. गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी १९३३ साली गाणं शिकायला घरातून पळाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर, अर्धा हिंदुस्थान पालथा घातला. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं की तुझ्या गावाजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. कुंदगोळ! हुबळीहून वीसेक किलोमीटर. वेडेपणात एवढी वणवण झाली, पण ती वणवण झाली नसती तर कुंदगोळचा रस्ता त्या मुलाला दिसलाच नसता असं मला वाटतं.

आता माझं एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. वयाच्या अठराव्या वर्षी मी बरी कुस्ती करत होतो. आमच्या वस्तादांनी कोल्हापूरला एका तालमीत नेऊन दाखवायचं ठरवलं होतं. वडील म्हणाले, दिवाळीचा हंगाम आहे, दुकानात माणूस नाही, आणि तिथे हजार पोरं असतात, तुला कोण विचारतंय. मला ते पटलं. मी गेलो नाही. दुकान चांगलं चाललं, दोन बहिणींची लग्नं झाली, कशाला कमी पडलं नाही. वडिलांवर माझा राग नाही. पण मला आजवर कुणी नाकारलेलं नाही, कारण निवडणाऱ्यासमोर मी कधी उभाच राहिलो नाही. पुण्याच्या त्या दारावर यादी लागली आणि भाचा बोटानं नंबर शोधत खाली खाली आला, तेव्हा त्याच्या मागे उभा राहून मी जे पाहिलं ते माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याचं बोट यादीच्या शेवटाला पोचलं. त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली. दुसऱ्यांदा शेवटाला आल्यावर त्यानं बोट काढलं, मागच्या पोराला जागा करून दिली आणि म्हणाला, "चला मामा."

अक्काला मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "बरं. आज तरी पोटभर जेवेल." त्या रात्री त्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि ती समोर बसून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गोदामातून बॅगेचा आवाज परत यायला लागला. येत्या हिवाळ्यात जिल्हा पातळीची निवड आहे. तिथे गोष्ट विचारत नाहीत, वजन आणि गुण बघतात, असं हवालदारसाहेब म्हणतात. तिथेही कदाचित त्याला घेणार नाहीत. तरी तो जाणार आहे, आणि मीही दुकान बंद ठेवून जाणार आहे. गल्लीतल्या मंडळींना माझी विनंती आहे की त्याला हुच्च जरूर म्हणा, पण तो शब्द उच्चारताना आवाजात थोडा मान असू द्या.

आणखी एक काम आहे. दोन वर्षांच्या ठोशांनी ती बॅग मध्ये फाटलीय आणि आतला माल दबून पार खाली बसलाय. निम्मी तरी नव्यानं भरावी लागेल. जवळी साळीतल्या, दाजीबान पेठेतल्या शिंपी मंडळींनो, कातरणं कचऱ्यात टाकू नका. सुती असोत, टेरिकॉटची असोत, कसलीही चालतील. फक्त बटणं आणि हुक काढून ठेवा, पोरांच्या हाताला लागतात. दुर्गदबैलात भांड्यांच्या ओळीत विचारलंत तर कुणीही आमचं दुकान दाखवेल. पोतं पायरीवर ठेवून गेलात तरी चालेल.